सशाच्या वाट्याचा पाला ताजा कसा ठेवायचा?



हल्ली गावात बऱ्याच घरी ससा दिसतो. मुलं हट्ट करतात, जत्रेतून नाहीतर तालुक्याच्या बाजारातून पांढरं पिल्लू घरी येतं. पहिले आठ दिवस पाला कोणी घालायचा यावरून मुलांची भांडणं होतात. मग शाळा सुरू होते, परीक्षा येते आणि ससा आईच्या गळ्यात पडतो. पाला आणायचा आईनं, निवडायचा आईनं आणि टिकवायचाही आईनंच.

बाजार आठवड्यातून एकदाच भरतो. उन्हातून आणलेली मेथीची जुडी घरी येईपर्यंत मान टाकते आणि तिसऱ्या दिवशी पिवळी पडते. पैसे देऊन आणलेली भाजी उकिरड्यावर टाकायला जीव होत नाही. मग आपण सहज म्हणतो, "जाऊ दे, सशाला घाल." आजचं आमचं बोलणं या एका वाक्याबद्दल आहे. ते वाक्य सशाच्या जिवावर बेतू शकतं. थोडी काळजी घेतली तर ते म्हणायची वेळही येत नाही.

सशाचं पोट वेगळं असतं

सशाला उलटी होत नाही. आपण काही खराब खाल्लं तर पोट ते बाहेर फेकून देतं. सशाच्या पोटाला ती सोय नाही. आत गेलेलं सगळं पुढेच जाणार. शिवाय त्याच्या आतड्याचा एक मोठा भाग म्हणजे आंबवण्याची पिशवीच असते. तिथले चांगले जंतू चारा आंबवून त्यातून सत्त्व काढतात. त्यातून तयार होणारी मऊ, घोसासारखी लेंडी ससा पुन्हा खातो. काही जणींना ते किळसवाणं वाटतं आणि त्या त्याला हाकलतात. हाकलू नका, ते त्याचं औषध आहे.

सडका, बुरशी आलेला किंवा ढिगात गरम झालेला पाला पोटात गेला की हा सगळा कारभार बिघडतो. हगवण लागते किंवा पोटात वायू धरतो. ससा खाणं सोडतो, अंग आखडून कोपऱ्यात बसतो, लेंड्या बारीक होतात नाहीतर थांबतात. अर्धा दिवस सशानं काहीच खाल्लं नाही, तर वाट पाहू नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. घरातली माणसांची गोळी देऊ नका. माणसांना चालणारी काही जंतुनाशक औषधं सशाचा जीव घेतात.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. हिरवा पाला हे सशाचं मुख्य जेवण नाही. मुख्य जेवण कोरडं, वाळलेलं गवत. दहा घासांतले आठ घास गवताचेच हवेत. सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि गवत चावून चावूनच ते झिजतात. त्यामुळे कधी पाला संपला तर घाबरायचं कारण नाही. गवत आणि पाणी समोर असलं की एखादा दिवस निभतो. पाला नाही म्हणून खराब पाला घालायची गरज कधीच नसते.

सुकणं, पिवळं पडणं आणि सडणं

आपण तिन्हीला मिळून "भाजी खराब झाली" म्हणतो. पण या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिन्हीचे उपाय वेगळे आहेत.

जुडी कापली तरी पान लगेच मरत नाही. ते श्वास घेतच असतं. मुळाकडून पाणी येणं बंद झालेलं असतं, पण पानातून पाणी उडणं चालूच राहतं. म्हणून पान लोळतं. याला सुकणं म्हणायचं. नुसतं सुकलेलं पान वाईट नसतं. देठाचं टोक कापून जुडी अर्धा तास गार पाण्यात उभी केली की ती पुन्हा ताठ होते. असा पाला सशाला चालतो.

पिवळं पडणं म्हणजे पानाचं म्हातारपण. उष्णता वाढली की पान जोरात श्वास घेतं आणि लवकर म्हातारं होतं. पिकलेली केळी, आंबे, टोमॅटो यांतून एक वायू निघतो. कच्च्या आंब्यांच्या आढीत एक पिकलेला आंबा असला की बाकीचे लवकर पिकतात, ते याच वायूमुळे. तोच वायू पालेभाजीला पिवळं करतो. म्हणून पालेभाजी आणि पिकलेली फळं एका टोपलीत ठेवू नका. पिवळी पानं निवडून काढा, उरलेली हिरवी वापरता येतात.

सडणं मात्र जंतूंचं आणि बुरशीचं काम. पानावर पाणी साचलं, हवा कोंडली की ती वाढतात. पान लिबलिबीत होतं, काळं पडतं, वास मारतो. या पानाला उपाय नाही. धुऊन, चिरून, उन्हात टाकून ते सुधारत नाही. ते खताच्या खड्ड्यात टाकायचं, शेळीलाही घालायचं नाही.

म्हणजे आपल्याला करायचं काय? पानातलं पाणी राखायचं, पण पानावर पाणी साचू द्यायचं नाही. जागा गार ठेवायची, पण हवा कोंडू द्यायची नाही. बाकीचे सगळे उपाय या दोन वाक्यांतूनच निघतात.

बाजारातून आल्यावर आधी निवडा

पाला आणला की पिशवी कोपऱ्यात टाकून स्वयंपाकाला लागू नका. पाच-दहा मिनिटं काढा.

जुडीची दोरी सोडा. घट्ट बांधलेल्या जुडीच्या पोटात ऊब धरते आणि सडायला तिथूनच सुरुवात होते. पिवळी, चिरडलेली, किडलेली पानं वेगळी करा. एक सडकं पान अख्ख्या जुडीला लागतं.

गाजर, मुळा, बीट पाल्यासकट आणलं असेल तर पाला लगेच कापून वेगळा ठेवा. पाला कंदातलं पाणी ओढत राहतो, त्यामुळे कंद लिबलिबीत होतो. कंद घराला, पाला सशाला. गाजराचा पाला सशाला गाजरापेक्षा चांगला. चित्रातला ससा गाजर खातो, पण गाजर गोड असतं. खऱ्या सशाला त्याची एक-दोन चकत्यांपेक्षा जास्त चैन नको.

आणल्या आणल्या धुऊन ठेवू नका. धुतलेला पाला ओला राहतो आणि सडतो. धुवायचं ते घालण्याआधी. चिखल फारच असेल आणि धुवावंच लागलं, तर सुती कापडावर पसरून पंख्याखाली किंवा वाऱ्यावर पूर्ण कोरडा करा.

पाला घरच्या परसातला असेल तर सकाळी लवकर काढा. रात्रभरात पान पाणी पिऊन टवटवीत झालेलं असतं. दंव असेल तर सावलीत पसरून ते उडू द्या. दुपारच्या उन्हात काढलेला पाला काढतानाच अर्धा सुकलेला असतो.

आणि कापलेल्या गवताचा ढीग करू नका. ओल्या हिरव्या गवताच्या ढिगात काही तासांनी हात घालून पाहा, आत गरम लागतं. ते आंबायला लागलेलं असतं. असं गवत खाल्लं की सशाचं पोट फुगतं. गवत कापून आणलं की सावलीत पातळ पसरा.

ठेवायच्या साध्या पद्धती

पहिली पद्धत फडक्याची. जुनं सुती लुगडं किंवा धोतर फाडून घ्या. फडकं भिजवून घट्ट पिळा, पाणी ठिबकता कामा नये. त्यात मेथी, मुळ्याचा पाला, फ्लॉवरची पानं सैल गुंडाळा आणि बांबूच्या टोपलीत वाऱ्याच्या जागी ठेवा. सकाळ-संध्याकाळ फडकं ओलं करून पुन्हा पिळा. दोन दिवसांनी फडकं धुऊन उन्हात वाळवा, नाहीतर फडक्यालाच बुरशी धरते.

दुसरी पद्धत पाण्यात उभं करायची. कोथिंबीर, पुदिना, मुळांसकट आणलेली मेथी तांब्यात दोन बोटं पाणी घेऊन फुलांसारखी उभी ठेवा. फक्त मुळं आणि देठ पाण्यात, पान पाण्याच्या वर. पाणी रोज बदला. पाण्याच्या माठाजवळच्या गार कोपऱ्यात अशी कोथिंबीर तीन-चार दिवस चांगली राहते.

तिसरी पद्धत माठाची. एका मोठ्या घमेल्यात किंवा पसरट कुंडीत वाळू भरा. तीत बिनझिलईचा मातीचा माठ अर्ध्याच्या वर रुतेल असा बसवा. वाळूवर पाणी शिंपडून ती ओली ठेवा. माठाच्या आत तळाशी कोरडं फडकं, त्यावर पाला, आणि तोंडावर ओलं तरट. बाहेरचं पाणी उडताना माठातली उष्णता घेऊन जातं. माठातलं पाणी गार होतं तेच कारण. माठ सावलीत हवा आणि वारा लागेल असा हवा. बंद खोलीत, चुलीजवळ ठेवला तर काही उपयोग नाही.

चौथी पद्धत गटानं मिळून करण्यासारखी आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात विजेशिवाय चालणारा शीतकक्ष तयार केला. त्याला शून्य ऊर्जा शीतकक्ष म्हणतात. विटांच्या दोन भिंती, मध्ये साडेसात सेंटिमीटर म्हणजे तीन इंचांची फट, फटीत वाळू. वर बांबू आणि गवताचं झाकण, आणि सगळ्यावर सावलीसाठी छप्पर. सकाळ-संध्याकाळ वाळू आणि विटा भिजवायच्या. भिंतींना सिमेंटचा गिलावा करायचा नाही, कारण विटेतून पाणी झिरपलं तरच आत गारवा येतो. कोरड्या उन्हाळ्यात बाहेरच्यापेक्षा आतलं तापमान १० ते १५ अंशांनी कमी राहतं आणि हवेत ओलावा राहतो. नुसत्या सशासाठी कोणी तो बांधणार नाही हे आम्हालाही कळतं. पण गटाच्या बायका भाजी विकत असतील तर विक्रीची भाजी, घरची भाजी आणि सशाचा पाला, तिन्हीची सोय एका जागी होते.

ज्यांच्याकडे फ्रिज आहे त्यांनी पाला खालच्या भाजीच्या कप्प्यात ठेवावा. डब्यात तळाला कोरडं फडकं किंवा कागद घाला, वर पाला, वर पुन्हा फडकं. प्लॅस्टिकची पिशवी वापरायची तर तिला भोकं पाडा. गच्च बांधलेल्या पिशवीत पाण्याचे थेंब साचतात आणि तिथूनच सडणं सुरू होतं. पाला वरच्या बर्फाच्या कप्प्यात टाकू नका. गोठलेलं पान बाहेर काढलं की लगदा होतं. लाईट गेली तर फ्रिज सारखा उघडू नका. आणि फ्रिजमधला गार पाला तसाच सशाला घालू नका, थोडा वेळ बाहेर ठेवून मग घाला.

पावसाळ्याचं गणित वेगळं

ओलं फडकं, माठ, शीतकक्ष या सगळ्यांचा जीव कोरड्या हवेत आहे. हवेत आधीच पाणी भरलेलं असेल तर फडक्यातलं पाणी उडत नाही आणि गारवाही येत नाही. म्हणून मराठवाड्यात एप्रिलमध्ये माठ छान काम करतो आणि कोकणात जुलैमध्ये तोच माठ पाला सडवतो.

पावसाळ्यात ओलं फडकं वापरूच नका. पाला कोरड्या कागदावर किंवा सुपात पातळ पसरा, शिंकाळ्यात उंच टांगा. साठवण कमी करा, रोज लागेल तेवढाच आणा. बांधावरचं ओलं गवत आणलं तर वाऱ्यावर पाणी उडवून मग घाला. या चार महिन्यांत खरा आधार उन्हाळ्याआधी वाळवून ठेवलेल्या गवताचा.

वाळवण आपल्याला नवं नाही

कुरडया, पापड, सांडगे करणाऱ्या हातांना वाळवण शिकवायला नको. हिवाळ्यात मेथी, कोथिंबीर, शेवग्याचा पाला स्वस्त आणि भरपूर असतो. तेव्हा जास्तीचा पाला वाळवून ठेवा. सावलीत, वाऱ्यावर, कापडावर पातळ थर करून दिवसातून दोनदा उलटा. कडक उन्हात हिरवेपणा उडतो, म्हणून सावलीच बरी. देठ मोडल्यावर कट्कन तुटला की वाळला समजा. देठ वाकत असेल तर आत ओल आहे आणि भरल्यावर बुरशी येणार.

हरळी, मारवेल, पवन्या ही गवतं फुलावर येण्याच्या सुमाराला कापून अशीच वाळवा. गोणपाटाच्या पोत्यात भरून जमिनीपासून वर, फळीवर ठेवा. महिन्यातून एकदा पोत्यात हात घालून पाहा. दमट किंवा कुबट वास आला तर ते पोतं सशासाठी वापरू नका.

आधी काय, नंतर काय

बाजाराच्या दिवशी चार भाज्या आणल्या तर आधी लवकर जाणारी संपवायची. पहिले दोन दिवस मेथी आणि मुळ्याचा पाला. मग पाण्यात उभी केलेली कोथिंबीर आणि पुदिना. त्यानंतर फ्लॉवरची बाहेरची पानं. शेवटी कोबीचं एखादं पान, कारण कोबी आठवडाभर टिकतो, पण जास्त दिला तर वायू धरतो. पालक रोज नको, अधूनमधून चालतो. लसूणघास पिलांना आणि गाभण सशीला चांगला, मोठ्या सशाला थोडाच.

किती घालायचा? मोठ्या सशाला वजनाच्या एका किलोमागे चेपून भरलेली एक वाटी पाला दिवसाला पुरतो. दोन-तीन प्रकार मिसळून घाला. नवी भाजी सुरू करताना पहिल्या दिवशी एक-दोन पानं द्या आणि दुसऱ्या दिवशी लेंडी पाहा. ती घट्ट गोल असली तर पुढे वाढवा. लहान पिलांना पाल्याची घाई करू नका. हा हिशेब लक्षात ठेवला तर बाजारातून नेमकं किती आणायचं हेही कळतं. टिकवायची निम्मी चिंता जास्तीचं न आणण्यानंच मिटते.

कांदा, लसूण, बटाटा, बटाट्याचा आणि टोमॅटोचा पाला, कोरडी कडधान्यं सशाला घालू नका. कण्हेर, घाणेरी, रुई यांच्याजवळही सशाला जाऊ देऊ नका. सुबाभळीचा पाला सारखा घातला तर सशाचे केस गळतात. तणनाशक किंवा कीटकनाशक मारलेल्या शेताच्या बांधावरचं गवत आणू नका. शेजारच्या शेतात फवारणी कधी झाली, हे विचारायला लाजू नका.

घालण्याआधी तीन गोष्टी पाहा

पाला नाकाशी धरा, आंबूस किंवा कुबट वास नको. हातात घ्या, चिकट लागता कामा नये. मधलं पान उलटून पाहा, बुरशी आणि डाग तिथेच लपतात. मग वाहत्या पाण्यात धुवा, झटका आणि घाला. दोन-तीन तासांत खाल्ला नाही तो उचलून टाका. पिंजऱ्यात तुडवलेला, मुतानं भिजलेला पाला रात्रभर राहू देऊ नका. हे तीन पाहण्याचं काम मुलांना शिकवा. ससा त्यांनी हट्टानं आणला आहे, तर नाक आणि हातही त्यांचेच लागू द्या.

सगळ्यात चांगलं कोठार

पाला सगळ्यात जास्त दिवस टिकतो तो मुळावर. परसात दोन हात रुंद वाफा असला तरी पुरे. एकदम सगळं बी पेरू नका. दर आठ दिवसांनी वाफ्याचा एक तुकडा पेरा. मेथी तीन-चार आठवड्यांत काढणीला येते, कोथिंबिरीला थोडे जास्त दिवस लागतात. पहिला तुकडा संपेपर्यंत दुसरा तयार होतो. तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी वाफ्याला घाला. साबणाचं पाणी नको.

गटात चार-पाच घरी ससे असतील तर वाटणी करून घ्या. एकीनं मेथी, एकीनं कोथिंबीर, एकीनं मुळा, आणि जिच्याकडे पाण्याची सोय आहे तिनं लसूणघासाचा छोटा तुकडा. लसूणघास एकदा पेरला की दोन-तीन वर्षं कापता येतो. बाजाराच्या दिवशी एकीनं सगळ्यांचा पाला आणायचा, पुढच्या वेळी दुसरीनं. म्हणजे प्रत्येकीची खेप वाचते.

या बैठकीत एक काम करून पाहा. एकाच दिवशी आणलेल्या मेथीचे तीन वाटे करा. एक गच्च पिशवीत, एक ओल्या पिळलेल्या फडक्यात, एक माठात. तिसऱ्या दिवशी तिन्ही सगळ्यांसमोर उघडा. कोणती पद्धत तुमच्या गावच्या हवेला चालते ते तुमच्या डोळ्यांनाच दिसेल. पिशवीतला वाटा सडला असेल तर तो खताच्या खड्ड्यात टाका, आणि कोणी "सशाला घाल" म्हणालं तर ते का नाही, हेही तिथेच समजावून सांगा.